सावलीवरचं डाळिंबी फूल

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. इंजिनातून आवाज येतोय म्हणजे त्याला कारण असणारच, ते सापडेपर्यंत खोलत जायचं, एवढंच मला कळतं. या ग्रुपवर लोकांचे असले अनुभव वाचून मी कैकदा हसलोय. आता तुम्ही माझ्यावर हसा, हरकत नाही... पण पूर्ण वाचून हसा.

मी मूळचा मुरगूडचा, राहायला कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. बायको शालन जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा बंगळूरला, मुलगी नाशिकला. दोघंही फोन करतात, "जेवलासा का?" विचारतात, मी "व्हय" म्हणतो, संपलं. अख्ख्या दिवसात तोंडातून निघालेला शब्द तेवढाच, असे कितीतरी दिवस गेलेत. खोटं कशाला बोलू?

शेवटी घराजवळच्या विरंगुळा केंद्रात जायला लागलो. तिथं मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच क्लास असायचा — क्रेप कागदाची फुलं करायची आणि ती लावून घरच्या फोटोची फ्रेम सजवायची. अकरा बायका आणि मी एकटा गडी. तालमीतले मित्र म्हणाले, "आता फुगडी बी खेळा की!" म्हटलं, खेळीन. घरात भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा बरं.

शिकवायला स्नेहल म्हणून होती, माझ्या मुलीच्या वयाची. ती म्हणाली, "घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो आणा, आपण त्याला फुलांचा हार करूया." झालं! गडहिंग्लजच्या एक ऐंशीच्या आक्का होत्या, त्यांनी टेबलावर हातच आपटला. "आगं ए पोरी! जित्या माणसाच्या फोटूला हार घालाय लावतीस व्हय? माजी नातवंडं हाईत की त्यात!"

बिचारीचं तोंड एवढंसं झालं. मग आक्कांनीच तोड काढली. हार नको, प्रत्येक माणसाजवळ एकेक सुटं फूल लावायचं. गेलेल्याला पांढरं, जित्याला रंगीत. सगळ्यांना पटलं.

आता माझी अडचण सांगतो. आमच्या घरात सगळ्यांचा धड असा एकच फोटो — पन्हाळ्यावरचा, पोरं लहान असतानाचा. त्यात मी, माझी आई आणि दोन पोरं. शालन नाही. कारण फोटो तिनं काढलाय. सगळेच फोटो तिनं काढलेत. मी कॅमेरा तिच्या हातात द्यायचो आणि मिशीला पीळ देऊन उभा राहायचो! ऊन तिच्या पाठीमागून होतं, म्हणून आमच्या पायांपुढं तिची सावली तेवढी पडलीय. डोक्यावरचा पदर आणि वर उचललेली कोपरं. तेराव्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला, त्यात ती कुणीतरी परकीच बाई दिसते. आणि आता... तिचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला मला वेळ लागतो. दिवसेंदिवस जास्तच लागतो. याची मला फार भीती वाटते.

त्या दिवशी पन्हाळ्यावर ती म्हणालेली, "अवं, माजा बी एक काडा की." मी म्हणालो, "रीळ संपलं."

संपलं नव्हतं. दोन फोटो शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी डेपोत साहेबांच्या शेजारी उभा राहून मी माझेच काढून घेतले. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तर पुढच्या शुक्रवारी मी फुलं केली. आईला पांढरं, पोरांना आणि मला पिवळं. आणि सावलीवर शालनसाठी एक पांढरं. ते चिकटवताना दोनदा गोंद सांडला. फ्रेम वाळायला कपाटात ठेवली. स्नेहलनं माझ्यासमोर कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

मंगळवारी कपाट उघडलं. फ्रेम जागच्या जागी. पण सावलीवर डाळिंबी फूल! माझं पांढरं फूल बाजूला काढून ठेवलेलं, अगदी हळू, एक पाकळीसुद्धा चुरगळली नव्हती.

मी तापलो. "कुणी हात लावला माझ्या फ्रेमला?"

"वराडू नगासा," आक्का म्हणाल्या. "तुमच्या फुलाला हात लावून आमाला काय मिळणार हाय?"

स्नेहल जवळ आली, तिनं फुलाचा कागद बोटांत धरून बघितला. मग म्हणाली, "काका, हा कागदच माझ्याकडचा नाही. डाळिंबी मी कधी आणलाच नाही."

मी फूल जरा वाकवून खालचा दोरा बघितला. मग खिशातला चष्मा लावून परत बघितला.

दोरा उलटा गुंडाळलेला होता. शालन डावखुरी. दरवर्षी गौरीच्या आराशीला ती कागदाची फुलं करायची आणि तिचा दोरा नेहमी उलट्या बाजूनं फिरायचा. मी चिडवायचो, "तुझे आटेच उलटे!" अहो, उलट्या आट्याचा नट मला हाताला लागताच कळतो, त्यात माझी चूक होत नाही.

तरी मी मेकॅनिक माणूस. अकराही जणींना एकेक फूल बांधायला लावलं. म्हातारा बिघडला, असंच म्हणाल्या असतील. सगळ्यांचे आटे सुलटे. स्नेहलचेही सुलटे. दुसरी किल्ली आहे का विचारलं, नाही. घरी बसून मी स्वतः डाव्या हातानं करून बघितलं, जमत नाही.

आक्कांनी फूल बराच वेळ न्याहाळलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तिला पांढरं नगं हाय. ऱ्हाऊ द्या तसंच." अकरा बायकांसमोर मी हमसून हमसून रडलो. लाज वाटली नाही.

इंजिन सगळं खोललंय म्हणा, आवाजाचं कारण मिळालेलं नाही. तुम्हाला मिळालं तर सांगा, मी भांडणार नाही. फ्रेम भिंतीवर आहे. संध्याकाळी दिवा लावताना मी तिच्यापुढं उभा राहून म्हणतो, "रीळ होतं गं."

क्लासच्या शेवटच्या दिवशी अंगणात ग्रुप फोटो काढायचा ठरला. आपापली फ्रेम हातात घेऊन सगळ्याजणी ओळीनं उभ्या राहिल्या. स्नेहलनं फोन वर केला. मी तो तिच्या हातातून घेतला. म्हटलं, "तू जा त्यांच्यात. मी काढतो." "अहो काका, मग तुम्ही राहाल की!" "राहू दे."

फोटो झकास आलाय. चार वाजलेले, ऊन माझ्या पाठीमागून होतं, त्यामुळं बायकांच्या पायांपुढं माझी सावली पडलीय. घरी आल्यावर तो मोठा करून करून बघितला, शेजारी आणखी एक पडलीय का म्हणून.

नाही. एकच आहे.