जादा तासाच्या मॅडम

बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. शिपाई गोविंदभाऊ दारात येऊन थांबले. म्हणाले, "नागपूरहून फोन होता जी. लांजेवार मॅडम राहिल्या नाहीत." आदल्या आठवड्यातच मॅडमनी फोनवर सांगितलं होतं की आता बरं वाटतंय, आजारपणाची रजा संपली की येतेच. मी डब्याचं झाकण लावलं. मग एकेक जण बोलू लागला. कुणी त्यांचं इंग्रजी किती स्वच्छ होतं ते सांगितलं, कुणी त्यांची शिस्त सांगितली. त्या रोज सकाळी कॉलेज भरण्याआधी नापास मुलांचा एक वर्ग घेत, ते मात्र कुणाला आठवलं नाही. मला आठवलं होतं... पण मी गप्प राहिले. त्याला आता दीड महिना होत आला, आणि अजून त्या गप्प राहण्याची लाज गेलेली नाही.

मी त्याच वर्गातली. लाखांदूर तालुक्यातल्या एका तलावकाठच्या गावात आमचं मासे धरणाऱ्या ढिवराचं घर. बारावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिली. आज त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. बी.ए.च्या पहिल्याच सत्रात मी इंग्रजीत नापास झाले होते, हे सहकाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नाही. नापास झालेल्यांची नावं तेव्हा नोटीस बोर्डावर लागली होती, वर मथळा 'उपचारात्मक वर्ग'. माझी मैत्रीण पुष्पा बोट ठेवून मोठ्यानं म्हणाली, "रंजू, तुहं नाव आहे वं!" मागून एक पोट्टा ओरडला, "झाली का भरती दवाखान्यात? सलाईन लागते म्हणतात तिथं!" त्या दिवसापासून त्या वर्गाचं नाव दवाखानाच पडलं. मी चार दिवस गेलेच नाही. पाचव्या दिवशी मॅडम मला जिन्यात भेटल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुमच्या गावची पहिली बस लवकर येते ना? मग बाहेर थंडीत कशाला उभी राहतेस, आत येऊन बस." बसचं निमित्त त्यांनीच माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं आणि आत जाऊन बसले.

त्या वर्गाची रीत निराळी होती. धडा वाचला की मॅडम पुस्तक मिटायला लावत आणि म्हणत, "आता हे तुझ्या आईला सांग." आई समोर आहे असं समजून घरच्या बोलीत सांगायचं. ते जमलं की पुस्तकी मराठीत, आणि मग इंग्रजीत. पहिल्या दिवशी मी उभी राहिले तर तोंडातून शब्दच फुटेना. मॅडम म्हणाल्या, "धडा राहू दे. काल घरी काय झालं ते सांग." मी सांगितलं, "बाबा जाळं शिवून रायले होते, अन् माय त्यायच्यावर खेकसून रायली होती." सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "कायले खेकसत होती?" त्यांच्या तोंडून 'कायले' ऐकलं आणि माझी जीभ सुटली. तासाच्या शेवटी तेच वाक्य मी इंग्रजीत फळ्यावर लिहिलं होतं. मोडकंतोडकं होतं, पण माझं होतं. तरी वर्गातून बाहेर पडताना मी आधी डोकावून बघायची, व्हरांड्यात कुणी ओळखीचं नाही ना.

घरी मी फक्त 'जादा तास' असं सांगितलं होतं. आमच्या गावच्या शाळेत जादा तास होत ते स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी. त्यामुळे बाबा धरून चालले की सरकार जास्तीचं शिकवतं ते हुशारांनाच. तलावावर ते सगळ्यांना सांगत सुटले, "माही पोरगी हुशारायच्या तासाले जाते." मी ते खोडलं नाही. मग तलावाची मासेमारी झाली त्या दिवशी, गावची रीत म्हणून गुरुजनांचा वाटा काढून, बाबा थेट आमच्या वर्गाच्या दारात उभे. हातातल्या पिशवीत दोन मोठ्या मरळी, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. "हुशार पोरायच्या तासाच्या मॅडम तुमीच काय जी?"

मी मान खाली घातली ती बाकाला टेकेपर्यंत. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम न वळता म्हणाल्या, "हसायचं असेल तर इंग्रजीत हस." आणि बाबांना म्हणाल्या, "हो, मीच. या ना, बसा." त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी घेतली. बाबांनी विचारलं, "कशी आहे आमची पोरगी?" त्या म्हणाल्या, "तुमच्याबद्दल इंग्रजीत लिहिलंय तिनं." खरंच लिहिलं होतं. बाबा इतके खूश झाले की जाताना बाकांवरच्या सगळ्यांना हात जोडून गेले. मॅडमच्या घरी मासे चालत नाहीत हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. त्या दिवसाबद्दल त्या माझ्याशी कधीच काही बोलल्या नाहीत.

शोकसभेत प्राचार्यांनी मला बोलायला उभं केलं. "मॅडमची सर्वांत हुशार विद्यार्थिनी," अशी माझी ओळख करून दिली. मी त्यांच्या व्याख्यानांबद्दल बोलले, वाचनाबद्दल बोलले... जिथं त्यांनी मला घडवलं त्या खोलीत माझं बोलणं शिरलंच नाही. सभेनंतर चहा घेताना प्राचार्य म्हणाले, "तो सकाळचा वर्ग कुणीतरी चालवायला हवा." एक सहकारी हसून म्हणाले, "त्या ढ पोरांपायी भल्या पहाटे कोण उठते सर?" बाकीचेही हसले. मी कपात बघत राहिले.

घरी गेल्यावर बाबांना सांगितलं. ते अंगणात बसले होते. हल्ली तलावावर जात नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. "हुशारायच्या तासाच्या मॅडम गेल्या?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचे डोळे भरले. मला ते सोसवलं नाही. म्हटलं, "बाबा, तो हुशारायचा तास नव्हता. नापास पोरायचा होता. मी नापास झाली होती."

बाबांनी गमछ्यानं डोळे पुसले. मला वाटलं, ते आता तलावावर किती जणांना काय काय सांगितलं ते आठवत असतील. मग त्यांनी विचारलं, "मंग आता नापास पोरायले कोण शिकवते?"

"कोणी नाही."

"तू काहून नाही?"



प्राचार्यांना सांगून सकाळच्या वर्गाची नोटीस लावली, आणि सोमवारी पहिल्या बसनं गेले. गोविंदभाऊंनी खोली उघडून दिली. टेबल तसंच होतं, आणि खुर्ची खिडकीकडे तोंड करून, दाराकडे पाठ. मॅडम अशाच बसायच्या. खिडकीतला उजेड बरा पडतो म्हणून असेल, असं मी तेव्हा समजत होते. मीही तशीच बसले. बराच वेळ कुणी आलं नाही. मग व्हरांड्यात चपला वाजल्या आणि दाराशी येऊन थांबल्या. पुढेही येईनात, मागेही जाईनात. मॅडम दाराकडे का बघत नसत, ते मला तेव्हा कळलं. त्या उंबरठ्यावर आम्ही प्रत्येक जण किती वेळ उभे राहिलो असू... आणि त्यांनी एकदाही कुणाला उभं असलेलं पाहिलं नाही.

मी मागे न बघता म्हटलं, "ये ना आत. मी बी याच वर्गातली आहो."

बाक सरकल्याचा आवाज आला.

"काय नाही समजत?"

"सारंच, मॅडम."

मग मी खुर्ची वळवली.