क्रुसावरचं साल

आमच्या खोऱ्यात माणूस जिवंत असतानाच आपला क्रूस कोरून घेतो. नाव, जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढं मोकळी जागा. रविवारची प्रार्थना उरकली की बायका कबरस्तानात जाऊन आपापल्या नावावरची धूळ डोक्याच्या रुमालानं पुसून येतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

सावेता द्रागोय ही खाणकामगाराची विधवा. नवरा अव्राम छातीत कोळसा भरून गेला. मुलगा साबिन एकतिसाव्या वर्षी खाणीत गेला तो वर आलाच नाही. दोघांचे ओकाचे क्रूस कुजायला लागले, तेव्हा म्हातारीनं पामफिल पाथरवटाकडं एकच मोठा दगडी क्रूस सांगितला. नावं चार. नवरा, मुलगा, ती स्वतः आणि मुलगी ओतिलिया. पामफिल खडूनं दगडावर साली मांडत होता. मुलीचं साल म्हातारीनं एकोणसत्तर सांगितलं.

ओतिलिया शेजारीच उभी होती. म्हणाली, "सदुसष्ट घाला, काका."

पामफिलनं खडू खाली ठेवला आणि सिगारेट पेटवली. आता दोघींचं लवकर आटपणार नाही, हे त्याला कळलं.

ओतिलिया एकोणसत्तरच्या मार्चमधली, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी तिच्याच बालवाडीत होते. नेगुरा नावाचा जिम्नॅस्टिक्सचा ट्रेनर एक दिवस आला आणि त्यानं आम्हा पोरींना एकेक करून दांडीला लटकवलं. आम्ही पिकल्या आलुबुखारासारख्या टपाटप पडलो. ही लटकूनच राहिली. नेगुरा बाहेर जाऊन पाणी पिऊन आला, तरी लटकलेली. सहाव्या वर्षी तिला डोंगरापलीकडच्या शहरात वसतिगृहात नेलं. दिवसाला सात तास सराव, तळव्यांवर पांढरी पूड, पुडीखाली फोड. महिन्यातून एकदा सावेता डब्यात सर्माले, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात, घेऊन जायची. पोरगी झाकण उघडायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि डबा परत द्यायची. सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं असे.

ती तेरा वर्षांची असताना परदेशातली मोठी स्पर्धा आली. तिथं वयाची पंधरा वर्षं पुरी लागत. नेगुरानं सावेताला सांगितलं की कागदाचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त तोंड मिटून बसा. पासपोर्ट आला त्यात सदुसष्ट होतं. मग नेगुरा तिच्याकडून ते साल घोकून घ्यायला लागला. ही बीमवर एका पायावर उभी असताना तो खालून विचारायचा, वय किती, जन्म कुठल्या सालचा. चुकली की सगळी कसरत पहिल्यापासून. त्या बीमवर ती कधी पडली नाही. सालावर मात्र दोनदा चुकली.

सहाजणींना मिळून कांस्यपदक मिळालं. आमच्या शाळेला एक दिवस सुटी मिळाली. त्यानंतर चार वर्षांत ओतिलियाच्या पाठीचे दोन मणके आणि उजवा खुबा कामातून गेले. सतराव्या वर्षी घरी आली, कागदावर एकोणीस. पुढची सगळी कागदपत्रं त्या पासपोर्टावरूनच झाली. लग्न झालं, टिकलं नाही. हल्ली ती त्याच बालवाडीत मदतनीस आहे. अंगणातल्या दांडीला पोरं लटकायला लागली की ती आत जाऊन कपबशा विसळते.

हे सगळं सावेतानं मुकाट सोसलं. पण दगडावर ते साल यायचं म्हटल्यावर तिचा संयम संपला. कारण साबिन सहासष्टच्या नोव्हेंबरातला. त्याच्या जुन्या क्रुसावर महिन्यासकट लिहिलेलं होतं, आणि नव्यावरही सगळ्यांचे महिने येणार होते. नेगुराच्या माणसांनी साल मागं ढकलताना घरात मोठा भाऊ आहे, हे बघितलंच नव्हतं.

"नोव्हेंबरात एक आन् मार्चात दुसरी?" सावेता म्हणाली. "चार म्हयन्यात दोन बाळंतपणं? अगं, शेळीला बी जमत न्हाई ते. लोकं बोटं मोजतील. म्हनतील, ह्यातलं एक पोर अव्रामनं भायेरनं आणलं."

"कोण म्हणणार, आई? सगळ्यांना माहीत आहे."

"आज म्हाईत हाय. म्हाईत असलेली समदी मेल्यावर? दगूड ऱ्हातो."

पामफिल म्हणाला की महिने गाळू, नुसत्या साली घालू. सावेता म्हणाली, तू गप बस.

ओतिलियाचीही अडचण खोटी नव्हती. आदल्या वर्षी राजधानीतून एक पत्रकार आला होता. नगरपालिकेत जन्माची वही मागितली, तर कारकून बाईंनी वही पुरात भिजली म्हणून सांगितलं. मग तो कबरस्तानात शिरला आणि क्रुसांचे फोटो काढत फिरला. तेव्हा ओतिलियाचं नाव कुठल्याच क्रुसावर नव्हतं. खरं साल छापून आलं असतं तर पदक सहाहीजणींचं जाणार होतं. त्यांतली कॉर्नेलिया शहरात चौथ्या मजल्यावर एकटी राहते, दोन्ही खुबे लोखंडाचे, आणि पदकामागचं सरकारी मानधन हाच तिचा आधार. क्रुसाचं कानावर गेल्यावर तिनं फोन केला. रडली नाही, विनवण्याही केल्या नाहीत. इतकंच म्हणाली, "ओती, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तुलाही नव्हतं. आता तुला विचारतायत, म्हणून सांगते, मला अजून जगायचंय."

 पंधरा दिवसांनी ओतिलिया एकटीच पामफिलकडं गेली. मोठ्या क्रुसावर तीनच नावं कोरायला सांगितली आणि स्वतःसाठी भिंतीकडेला, जिथं परगावच्या माणसांना पुरतात तिथं, एक छोटा दगड उभा करवला. ओतिलिया द्रागोय, मार्च १९६७, रेघ.

सावेताला ते कळलं रविवारी, प्रार्थनेनंतर. ती चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी ताडताड चालत भिंतीपर्यंत गेली. मागून ओतिलिया उजवा पाय ओढत आली. आम्ही दोन-तीन बायका जरा लांब थांबलो. सावेतानं दगडावरून हात फिरवला, साल बोटानं चाचपलं.

"ही कुनाची पोर?" तिनं विचारलं.

"आई, असं नको गं."

"मी न्हाई वळखत. माजी एकोणसत्तरची. मार्चात लई बर्फ व्हता, दाई पोचलीच न्हाई. तुजा बाप खाणीत. मी एकटीनं नाळ कापली. ती पोर कुठाय?"

 ओतिलियानं आईचा हात धरायला हात पुढं केला. सावेतानं रुमाल घट्ट बांधला आणि फाटकाकडं चालू लागली. ओतिलिया हाका मारत मागं निघाली. पण फाटकापर्यंतचा रस्ता चढाचा, आणि तिच्यानं भरभर चालवेना. म्हातारी फाटकाबाहेर पडून वळणाआड गेली तेव्हा ओतिलिया अजून अर्ध्या चढावर, कुणाचा तरी क्रूस धरून उभी होती.