तो रडणारा

माझ्या मोठ्या भावाजवळ एका ब्रिटिश रॉक बँडची, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची एक तबकडी होती. कॉलेजात असताना अकोल्याच्या जुन्या बाजारातून आणलेली. राजापेठेतल्या आमच्या घरी ती पहिल्यांदा लागली तेव्हा आई मेथी निवडत होती. गायकाचा आवाज चिरकत वर वर गेला, तशी तिनं मान उचलून विचारलं, "काहून रडून राहिला हा? कोन मेलं याचं?"

भाऊ म्हणाला, "कोनी नाही मेलं. असाच रडते तो."

तेव्हापासून घरात त्या तबकडीचं नाव 'रडणारा' पडलं.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेला. त्यानं लग्न केलं नव्हतं, म्हणून मागे रडायला बायको-पोरं नव्हती. आईच्या डोळ्यांतून पाणी येईना, माझ्याही नाही. भेटायला येणाऱ्या बाया तिला सांगत, "रडून घ्या, मोकळं वाटते." मला त्यांचा राग यायचा. रडणं म्हणजे काय उसाचा रस आहे, पिळला की निघाला?

तेरवीची पंगत उठली, पाहुणे मोर्शीच्या गाडीला लागले. मी अकोल्याला सासरी परतायची पिशवी भरत होते. भावाच्या खोलीतून आईनं हाक मारली.

"तो रडणारा लाव."

"आज? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. मले रडू येऊन नाही राहिलं. माझ्या पोराच्या नावानं कोनी तं रडलं पाहिजे."