वरून प्यायलेला चहा

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला आमच्या शेजारी सत्तरीची एक डच बाई राहायची. जपानी पद्धतीच्या चहाच्या वर्गाला मला तिनेच नेलं. नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत आणि मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालतेय, हे तिने खिडकीतून पाहिलं असावं. दर गुरुवारी आम्ही दोघी सायकलने आमच्या जपानी बाईंकडे जायचो. चटईवर गुडघे मोडून दोन तास बसायचं. पहिले तीन महिने उठताना मला भिंत धरावी लागे. पण मी एकदा काही हातात घेतलं की सोडत नाही. आईच्या मते मी हट्टी आहे, माझ्या मते चिवट.

नोव्हेंबरात जपानी लोक जमिनीतली चौकोनी शेगडी उघडतात आणि चहाचं नवं वर्ष सुरू होतं. त्या दिवशी घट्ट चहा असतो आणि तो सगळ्यांनी एकाच वाडग्यातून प्यायचा. तीन घोट घ्यायचे, ओठ लागलेली कड कागदाने पुसायची आणि वाडगा पुढच्याला द्यायचा. बाईंनी हे मला आधी सांगितलं होतं. मीही मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं!

आमच्या घरी पाणी वरूनच प्यायचं. भांड्याला तोंड लावलं की आईचे डोळे मोठे व्हायचे, आणि दुसऱ्याचं उष्टं तर विचारायलाच नको. शेजारणीने वाडगा पुसून, वाकून माझ्या हातात दिला, तेव्हा माझे हात आपोआप वर गेले. मी मान मागे टाकली आणि चहा वरून ओतला. तो पिठल्याइतका घट्ट. आधी काहीच पडेना, मग एकदम लपका आला, हनुवटीवरून थेट माझ्या आंबा रंगाच्या रेशमी साडीवर. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

परतताना कालव्याच्या पुलावर शेजारणीने सायकल थांबवली.

"मी घाणेरडी आहे का?" तिने विचारलं. डच माणूस आडवळणाने विचारत नाही.

मी तिला आई, तांब्या, सोवळं, सगळं समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे, हो," ती म्हणाली आणि निघून गेली. मला इतकी लाज वाटली की पुढचे दोन गुरुवार मी सर्दीचं निमित्त काढलं.

मग बाईंचा फोन आला. जानेवारीत कॅलेंडरच्या नव्या वर्षाचा पहिला चहा होता. "तुम्ही आतल्या खोलीत भांडी सांभाळाल का? पाहुण्यांत बसायची सक्ती नाही," त्या फार गोड आवाजात म्हणाल्या. माझा पारा चढला, आणि तो माझ्यावरच. मी म्हटलं, "मी पाहुण्यांत बसणार. आणि तिच्याच शेजारी."

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. नवऱ्याने अर्धा कप चहा प्यायचा, उरलेला मी, त्याच कपातून. पहिल्या दिवशी मी कड इतकी घासली की तो म्हणाला, "अगं, लग्नात घास भरवलेस तेव्हा कुठे गेलं होतं सोवळं?"

"मम्मा, पण यू ऑलवेज ईट माय कोर्स्टयेस!" मुलगी म्हणाली. खरंच की. ती सँडविचच्या चावलेल्या कडा ठेवून द्यायची आणि मी रोज ओट्यापाशी उभी राहून त्या संपवायची. ते उष्टं आहे असं एकदाही मनात आलं नव्हतं. त्या दिवशी मी कप न पुसता चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा पुसला. महिनाभर असंच पुढे-मागे चाललं.

जानेवारीत बाईंनी भिंतीवर विलोची लांब फांदी गाठ मारून टांगली होती. कालव्याकाठच्या झाडाचीच ती. मिठाईत, त्यांच्या नववर्षाच्या रीतीप्रमाणे, एक गोड मुळी खोचलेली होती. शेजारीण माझ्याकडे न बघता बसली होती. तिच्यानंतर मी, आणि मी शेवटची. शेवटच्या पाहुण्याने वाडगा रिकामा करायचा असतो.

तिने कड पुसली. पुन्हा पुसली. मग नवा कागद काढून तिसऱ्यांदा पुसायला लागली. माझ्यामुळे एवढ्या वयाच्या बाईवर ही वेळ आली होती. मी वाकून वाडगा घेतला, नीट ओठाला लावला आणि प्यायले. कडू होता, कोमट झाला होता, आणि पुष्कळ उरला होता. शेवटचा घोट आवाज करून घ्यायची रीत आहे. मी असा भुरका मारला की बाईंनी दचकून वर पाहिलं.

परतताना शेजारीण त्याच पुलावर थांबली. पिशवीतून तिने थर्मास काढला. त्याला एकच कप होता. तिने त्यात कॉफी ओतली, अर्धी प्यायली आणि कप माझ्यापुढे धरला. कड पुसली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

मी कप रिकामा करून तिला परत दिला.