ज्या डब्याला फक्त ‘हाव’ येत होतं

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मनीषनगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये बाई दिसते म्हणणाऱ्यांची मी तोंडावर टिंगल केली आहे. पण त्या दुपारी जे झालं ते मी स्वतः स्क्रीनवर वाचलंय... आणि वर बोलणीही मीच खाल्लीत. संताप त्याचा आहे.

नागपुरात सदर भागातलं आमचं ऑफिस शेतकऱ्यांचे पंप मोबाईलवरून चालवायचं सॉफ्टवेअर बनवतं. प्रत्येक पंपाचा छोटा प्रोग्राम सर्व्हरवर आपापल्या बंद डब्यात चालतो — कंटेनर म्हणतात त्याला. एवढ्या डब्यांत हाताने कोण शिरणार? म्हणून ऑटोमेशनचं टूल. कमांड एकदा लिहायची, टूल ती प्रत्येक डब्यात जाऊन चालवतं. त्याआधी ते हरेक डब्याला ‘आहेस का?’ असं विचारतं; हा चेक. ठरलेलं इंग्रजी उत्तर काढून आम्ही नागपूरकरांनी तिथे ‘हाव’, म्हणजे आमचं ‘हो’, टाकलं होतं. दुसरं उत्तर लिहिलेलंच नव्हतं.

त्या दिवशी अपडेटनंतर नरखेडकडचे सगळे पंप एकदा चालू करून बघायचे होते. शेतकऱ्यांना आधी ‘पंपापासून लांब राहा’ असा मेसेज पाठवायचं काम आमच्या सरांचं. मी चेक चालवला. हाव, हाव, हाव... आणि एका ओळीत — ‘नाही. विहिरीत माणूस आहे.’

सर मागेच उभे होते.

“काहून थांबली वं? एरर सोडून दे, फोर्स मार, होऊ दे सगळे पंप चालू!”

“सर, हे वाचा तरी.”

“वाचत का बसते? वरून फोन येऊन राहिले!”

मी एंटर दाबलं नाही. त्या पंपाच्या मालकांचा नंबर लावला. त्यांच्या बायकोने, काकूंनी उचलला.

“काकू, काका कुठे आहेत?”

“ते तं विहिरीत उतरले ना. मोटरीची केबल पाहून राहिले. काहून?”

“मेन स्विच बंद केलाय?”

“मोबाईलवर तं बंदच दाखवते...”

मी ओरडलेच. “आधी मेन स्विच पाडा!”

काकू फोन हातात घेऊनच धावल्या. चपलांचा आवाज, मग खटका, मग लांबून काका — “का झालं वं?” मला रडूच फुटलं. काकूंनी मग सांगितलं, केबल सोललेली होती आणि ती त्यांच्या हातात होती.

आता पुढचं ऐका. सरांनी मेसेज पाठवलाच नव्हता. त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. चौकशी झाली ती ‘ही ओळ कोणी लिहिली’ याची! सगळा कोड उलटापालटा केला. त्यात फक्त ‘हाव’. तरी सरांनी सगळ्यांसमोर मलाच सुनावलं, “मॅडम, कामात मस्करी चालत नाही.” मस्करी? माणूस मेला असता तिथे!

ते उत्तर कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. विहिरीवर ना कॅमेरा, ना सेन्सर. सरांनी तो डबा डिलीट करून नवा बनवला आणि तो चेकच काढून टाकला — वेळ वाचतो म्हणे. आता टूल कोणालाच काही विचारत नाही.

म्हणून मी विचारते. पंप चालू करायचे असले की एकेका मालकाला फोन लावते. “विहिरीपाशी कोणी नाही ना? नक्की पाहिलं?” सर घड्याळ दाखवतात. दाखवू देत. शेवटचं ‘हाव’ माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.