समजून द्या

भाव न ठरवता मी कामाला जायचो. मालक विचारायचा, "किती देऊ?" मी म्हणायचो, "समजून द्या." मग कधी पाचशे, कधी दिवाळीतला उरलेला मिठाईचा बॉक्स. चार वर्षं हा गाढवपणा केला.

मी लोखंडी पार्ट कापणाऱ्या सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहितो. नोकरी नाही, बोलावतील तिथं जायचं. राहायला दौंडला, काम कारेगावच्या छोट्या कारखान्यांच्या शेडमध्ये.

त्या दिवशी एका शेडमधलं मशीन सकाळपासून पार्ट बिघडवत होतं. दुपारपर्यंत मी ते ताळ्यावर आणलं. शेठ केबिनबाहेर आला. सगळ्या ऑपरेटरांसमोर बाजरीचं अर्धं पोतं माझ्या पायापाशी टाकलं.

"घरची हाय. ने. तुमच्या लोकान्ला धान्य दिल्यालं बरं. पैसा टिकत न्हाई तुमच्याजवळ."

पोरं हसली. मीही हसलो. वर "थँक्यू शेठ" म्हणालो! पोतं मोटरसायकलला बांधलं. घट्ट. सांडू नये म्हणून.

दारात वडिलांनी पोतं पाहिलं. "माझ्या बापानं धम्म घेतला आन् खळ्यावर हात पसरणं सोडलं. तू डिप्लोमा करून पुन्हा तिथंच गेलास व्हय?"

मग मी सूड घेतला. माझ्या अकलेनं. शेठचे प्रोग्रॅम मुद्दाम ढिले लिहिले. सहा मिनिटांचा पार्ट नऊ मिनिटांनी निघायचा. वाटलं, जिरवली. जिरली माझीच. हाताला तेच वळण लागलं. दुसऱ्या शेडमध्ये मन लावून बसलो, तरी नऊच मिनिटं. आमच्याकडं जमीन नाही. कसब तेवढं होतं, तेही मीच पडीक पाडत होतो.

मागच्या महिन्यात शेठचा फोन. मशीन बंद, माल संध्याकाळी जायचा. गेलो. मशीनला हात लावला नाही.

"आधी भाव. निम्मे पैसे आत्ता."

"आरं, आपल्यात असं हाय व्हय? बस, च्या घे."

"भाव, शेठ."

"लई माजलास. पुण्याचा माणूस बोलावतो."

"बोलवा."

बॅग उचलली. फाटकाकडं निघालो. इथले सगळे मालक एकमेकांचे पाहुणे. एकानं तोडलं की सगळे तोडणार. तोडू देत. माझ्या कामाचा भाव मी सांगणार. पटला तर जीव ओतून करीन. नाही पटला तर मशीन गंजू दे.

फाटकाशी म्हातारे ऑपरेटर मामा तंबाखू मळत उभे होते. सगळं ऐकलेलं. मला खालून वर न्याहाळलं.

"तुला तोंड हाय व्हय रं? आमाला वाटायचं, फुकट राबायची हौसच हाय तुला."