वर असताना विचारायचं नाही

आमच्या घरात संशय घेणं हा दुर्गुण समजत नाहीत. बल्लारपूरला अब्बांचं कूलर-पंख्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "काही केलं नाही, आपोआप बंद पडली," आणि अब्बा मान डोलावत आधी मोटारीचा वास घेतात. अम्मी मटणवाल्याच्या तराजूखालून हात फिरवल्याशिवाय पिशवी उघडत नाही. अशा घरातली मुलगी विमान चालवायला शिकायला गेली, तर ती काय डोळे मिटून बसणार होती?

चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर आम्हाला शिकवणारे सर ब्रह्मपुरीकडच्या धानवाल्या घरातले, साठीला टेकलेले. त्यांची एक पद्धत होती. उडत असताना ते गुपचूप काहीतरी बंद करायचे आणि विद्यार्थ्याला ते कधी कळतं हे बघत बसायचे. त्या जुन्या विमानात फ्यूजची बटणं उजवीकडे, बरोबर त्यांच्या गुडघ्यासमोर होती. गुडघ्यावर नकाशा पसरायचा, त्याखालून एखादं बटण बाहेर ओढून त्याची वीज तोडायची आणि खिडकीबाहेर बघत गुणगुणत राहायचं. वर त्यांचा नियम असा होता: "वर असताना मले विचारायचं नाई, सर हे तुमीच केलं का म्हणून. विचारलं का नापास."

त्या दिवशी माझी परीक्षा होती. पास झाले की एकटीने लांबच्या उड्डाणाला जाता येणार होतं. त्यासाठी मी अख्खा पावसाळा ढगांना शिव्या देत काढला होता. दिवाळी नुकतीच झाली होती. वैनगंगा ओलांडून आम्ही गडचिरोलीवरून आलापल्लीच्या जंगलावर आलो, भामरागडला तीन नद्या मिळतात तिथे वळलो आणि परत निघालो. सर खुशीत होते. ते खुशीत असले की मला जास्त भीती वाटायची.

परत वळल्यावर थोड्याच वेळात समोरचा लाल दिवा लागला. त्याचा अर्थ साधा आहे. इंजिनाच्या जोरावर फिरणारा अल्टरनेटर वीज बनवायचा थांबला. इंजिन त्याच्यावाचून चालतं, विमान खाली पडत नाही. पण रेडिओ आणि उतरताना वेग कमी करायला पंखामागे खाली येणाऱ्या फळ्या, हे सगळं बॅटरीवर येतं, आणि बॅटरी फार तर अर्धा तास पुरते.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सरांकडे बघितलं. नकाशा गुडघ्यावर, नजर खिडकीबाहेर. वा!

माझ्या डाव्या गुडघ्याजवळ अल्टरनेटरचा स्विच होता. तो मी शिकवल्याप्रमाणे बंद करून पुन्हा चालू केला. दिवा गेला नाही. आता फ्यूजचं बटण बघायचं, आणि ते नकाशाखाली. तेही जागेवर असेल तर गरजेपुरतं ठेवून बाकी सगळं बंद करायचं. पण बटण न बघताच सगळं बंद करणाऱ्या एका मुलाला सरांनी नापास केलं होतं. "फ्यूज उडाला म्हणून घर विकते का बे?" असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. त्यामुळे मला बटण बघायचंच होतं, आणि "नकाशा उचला" म्हणणं म्हणजे विचारणंच झालं असतं.

मी डोकं चालवलं. विमान मुद्दाम डावीकडे जोरात कलवलं, म्हणजे नकाशा घसरेल. सरांनी तळहात नकाशावर घट्ट दाबला. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. आता माझी खात्रीच पटली आणि रागही आला. बसा म्हटलं, बघू कोण आधी कंटाळतं ते.

पण तेही काही बोलेनात. गुणगुणणं कधीच थांबलं होतं आणि ते तिरक्या नजरेने माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघत होते. काय बघत होते, मला कळेना. कानावरच्या हेडफोनमध्ये दुसऱ्या एका विमानातल्या मुलाचा आवाज येत होता, तो खरखरायला लागला, मग बारीक झाला.

"पुरे झालं आता," सर एकदम म्हणाले. "चालू कर."

"काय चालू करू?"

"स्विच. तुह्या गुडघ्याजवळचा. मले काय येडा समजून राह्यली तू?"

मागच्या आठवड्यात एका मुलाने तो स्विच बंद ठेवून सरांनाच फसवलं होतं आणि कँटीनमध्ये सगळे पोट धरून हसले होते. म्हणजे इतका वेळ हे माझ्यावर संशय घेत बसले होते! मी एक हात सोडला आणि त्यांच्या गुडघ्यावरचा नकाशा ओढून काढला. बटण आत होतं. सगळी बटणं आत होती. ते माझ्या अंगावरून वाकले आणि त्यांनी स्विच बघितला. चालू होता.

मग मला भीती वाटली. खाली सगळं जंगल, मधे कुठे धानाचा हिरवा-पिवळा तुकडा. सरांनी भराभर एक रेडिओ सोडून सगळं बंद केलं. मी रेडिओवर म्हटलं, "आमची वीज गेली आहे, पट्टी मोकळी करा." उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने कानातली खरखरही गेली.

पट्टी मोकळी करणं महत्त्वाचं होतं, कारण भर दुपारी शेजारच्या गावाच्या शेळ्या नाल्याकडे जाताना पट्टीवरच बसकण मारतात. रेडिओच्या केबिनमधून हाक आली की गार्ड त्यांना हाकलतो. हाक नाही तर शेळ्या तिथेच.

होकायंत्राला वीज लागत नाही. आम्ही नदी पकडली, मग लांबून वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसला आणि मी सुटकेचा श्वास सोडला. तो लवकरच परत घ्यावा लागला. पट्टीवर शेळ्या होत्या.

मी पट्टीवरून अगदी कमी उंचीवर एक फेरी मारली. गार्ड झाडाखालून उठला, ताठ उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. सर त्याचीही परीक्षा घ्यायचे! न सांगता असेच कमी उंचीवरून जायचे, झोपला आहे का बघायला. आपण जागे आहोत, हे तो बिचारा दाखवत होता. उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, आमच्यावर विमानातून हाकायची वेळ आली. दुसऱ्या फेरीला सरांनी खिडकी उघडली आणि दोन्ही हात जोडले. ते खालून दिसले, असं गार्ड आजही शपथेवर सांगतो. माझा विश्वास नाही. पण तो काठी घेऊन धावला हे खरं.

पंखामागच्या फळ्या खाली येईनात. विमान वेगात टेकलं, लांबच लांब धावलं आणि कुंपणापलीकडच्या पऱ्हाटीवरचा कापूस स्पष्ट दिसायला लागला तेव्हा थांबलं.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. अल्टरनेटरची एक वायर तुटली होती. ती कुणी कापली तर नाही ना, हे मी दोनदा निरखून बघितलं. नव्हती कापली. केबिनमधला माणूस म्हणाला, त्याला नुसती खरखर ऐकू आली आणि वाटलं, सरांचीच काही नवी परीक्षा असेल.

सर विमानाच्या चाकाला टेकून खाली बसले होते.

"मी पास ना?" मी विचारलं.

"नापास."

माझं डोकंच फिरलं. "मी विचारलं नाही! एका शब्दाने विचारलं नाही!"

"म्हणून तं नापास. सारी बॅटरी गेली तरी तोंड नाई उघडलं. काऊन?"

"तुमचाच नियम आहे, सर."

"तू साऱ्या दुनियेवर डाऊट घेते. वायर बी पाहून आली, कापली का म्हणून. मंग माह्या नियमावर काऊन नाई घेतला?"

रागाने रडायला आलं, आणि मी तिथेच, मेकॅनिकसमोर, रडले.

"मी बी नाई विचारलं तुले," सर म्हणाले. त्यांचे हात मांडीवर थरथरत होते. हेही नाटक असेल, असं मात्र मला एकदाही वाटलं नाही.